ओ-रिंग, चुंबक आणि सिलिकॉनची चटई: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी मी पिस्टनने शाई भरणारे एक फाउंटन पेन पूर्ण उघडले, त्याचे सगळे भाग वाटीभर पाण्यात सोडले, अर्ध्या तासाने निळेशार झालेले पाणी बेसिनमध्ये ओतून दिले आणि पेन पुन्हा जोडायला बसल्यावर ध्यानात आले की एक ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल कडी, कमी आहे. ती काळ्या रबराची होती, शर्टाच्या बटणाहून लहान होती आणि तशा गडद पाण्यात ती दिसण्याची काहीच शक्यता नव्हती. बेसिनखालचा वळणाचा पाइप उघडून पाहिला. त्यात केस सापडले, साबणाचा चिकटा सापडला, रिंग काही सापडली नाही. पुढे तीन महिने ते पेन तसेच पडून राहिले, कारण त्या रिंगशिवाय शाई झिरपत होती आणि नेमक्या त्याच मापाची दुसरी रिंग मिळवणे हे नवे पेन मिळवण्यापेक्षा अवघड निघाले. त्या वैतागात मी सुटे भाग मांडण्यासाठी मिळणारी सिलिकॉनची चटई घेतली. गेल्या सहा महिन्यांत तिच्यावर वीस-बावीस पेने उघडली आणि पुन्हा जोडली असतील, त्यामुळे आता तिच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

चटईचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जवळपास याच बांधणीच्या चटया अनेक नावांनी विकल्या जातात. त्या मुळात मोबाइल, घड्याळे आणि चष्मे दुरुस्त करणाऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. पेन धुणाऱ्याचा विचार करून त्या घडवल्या आहेत असे कुठेही जाणवत नाही आणि या परीक्षणातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे. माझी चटई ४५ बाय ३० सेंटिमीटरची, फिकट राखाडी रंगाची आहे. तिला चारही बाजूंनी सुमारे ५ मिलिमीटर उंचीचा काठ आहे, वरच्या अंगाला लहानमोठे खण आहेत, उजव्या हाताला स्क्रू ठेवण्यासाठी चुंबकाची पट्टी बसवलेली आहे, खालच्या काठावर मोजपट्टी छापलेली आहे आणि मधली जागा कामासाठी मोकळी आहे. ती गुंडाळलेली आली, त्यामुळे पहिले दोन दिवस तिचे कोपरे वर वळत राहिले आणि जाड पुस्तकांखाली दाबून ठेवल्यावरच ती सपाट झाली. नव्या रबराचा वासही आठवडाभर टिकला.

चटईचा खरा गुण पहिल्याच पेनला कळला, आणि तो जाहिरातीत कुठेही ठळकपणे लिहिलेला नाही. लाकडी किंवा काचेच्या टेबलावर फीड (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) हातातून निसटले तर ते टणकन उसळते, एकदा डावीकडे जाते, मग उजवीकडे, आणि तिसऱ्या उडीला ते कुठे गेले हे सांगता येत नाही. सिलिकॉनवर तेच फीड पडते आणि पडल्या जागी राहते. कन्व्हर्टर (शाई ओढून भरण्याची सुटी नळी), दांडा, क्लिपखालचे वेढे यांसारखे गोल भाग गडगडत निघाले तरी पृष्ठभागाच्या घट्ट पकडीमुळे लवकर मंदावतात आणि उरलेसुरले काठ अडवतो. ओढून काढताना एकदा एक निब बोटांतून सटकली आणि टोकावरच पडली. टेबलावर ती नक्की वाकली असती, चटईवर तिला काही झाले नाही. केवळ एवढ्या कामासाठीही ही चटई घ्यावी, असे मी म्हणेन. फिकट रंगाचाही उपयोग होतो, कारण पेनांतली बहुतेक फीड आणि बऱ्याच ओ-रिंग काळ्या असतात. याच चटया गडद निळ्या आणि काळ्या रंगांतही मिळतात, त्या पेनांसाठी घेऊ नयेत. उलट, काही पेनांतल्या रिंग पारदर्शक असतात आणि त्या फिकट राखाडीवर जवळजवळ अदृश्य होतात; अशा वेळी मी एका खणात गडद रंगाच्या कागदाचा तुकडा टाकून त्यावर रिंग ठेवतो.

आता चुंबकाच्या पट्टीविषयी, कारण चटईच्या वर्णनात सर्वांत मोठ्या अक्षरांत तिचाच उल्लेख असतो. एका संध्याकाळी मी हाताशी असलेले सर्व सुटे भाग एकेक करून त्या पट्टीवर ठेवून पाहिले. १४ कॅरेट सोन्याची निब अर्थातच चिकटली नाही. पोलादाच्या तीन निबांपैकी दोन मुळीच चिकटल्या नाहीत आणि तिसरीला अगदी पुसटशी ओढ जाणवली. पितळेचे कडे, ॲल्युमिनियमची श्वासनळी (पेनातली हवेची बारीक नळी), इबोनाइटचे (कडक रबराचे) फीड, प्लॅस्टिकचे फीड, टोपणाच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर, रबराच्या रिंग, पिस्टनचे सील यांपैकी कशालाही चुंबकाचे सोयरसुतक नव्हते. चिकटल्या त्या एक स्प्रिंग, एका क्लिपचा स्क्रू आणि माझा चिमटा.

यात चटईचा दोष नाही, तो पेनांच्या घडणीचा परिणाम आहे. शाई आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी असू शकते आणि पेनाच्या आत ओल कायमचीच, त्यामुळे साधे लोखंड पेनात टिकत नाही. म्हणून सोने, पितळ, प्लॅस्टिक, इबोनाइट, नाहीतर गंजरोधक पोलाद वापरले जाते. गंजरोधक पोलादाच्या निकेल मिसळलेल्या ज्या जाती सर्रास वापरात आहेत, त्या चुंबकाला दाद देत नाहीत. तेच पोलाद थंड अवस्थेत लाटले, ओढले किंवा वाकवले म्हणजे त्याच्या अंतर्गत रचनेचा काही अंश बदलतो आणि त्याला थोडी ओढ येते. तारेची स्प्रिंग चिकटते आणि निब चिकटता चिकटत नाही, ते यामुळे. थोडक्यात, मोबाइलच्या स्क्रूंसाठी ही पट्टी अतिशय सोयीची असेल, पण पेनांतले जे भाग खरोखर हरवतात त्यांच्यापैकी एकही तिच्याजवळ थांबत नाही. वर पोलादी चिमट्याने एखादी रिंग उचलून त्या बाजूने हात नेला की चिमटा खाली खेचला जातो आणि रिंग सुटते. माझ्याकडून हे दोनदा झाले, मग मी त्या पट्टीवर जाड पुठ्ठा चिकटवून टाकला. चुंबक नसलेली चटई मिळत असेल तर तीच घ्यावी.

खणांविषयी माझे मत दुहेरी आहे. पेन उघडताना भाग हरवण्याइतकेच त्यांचा क्रम हरवणेही त्रासाचे असते. एकाच पेनात दोन ओ-रिंग असतील तर त्या दिसायला सारख्या आणि जाडीला किंचित वेगळ्या असू शकतात, आणि त्यांची अदलाबदल झाली तर पेन जोडले जाते, चालतेही, पण दोन दिवसांनी खिशात शाई उतरते. म्हणून ज्या क्रमाने भाग निघतील त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे एकेका खणात ठेवायचे आणि उजवीकडून उचलत उलट जोडत यायचे, ही शिस्त या चटईमुळे आपोआप लागते. ट्विस्बीच्या डायमंड ५८० सारख्या पेनासोबत पाना आणि सिलिकॉन ग्रीसची कुपी मिळते, म्हणजे मालकाने ते स्वतः उघडावे हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेले असते. तसे पेन मांडताना खणांचा पूर्ण उपयोग होतो. उलट, १९८० पासून चालत आलेल्या लॅमी सफारीसाठी या मांडामांडीची गरजच नाही. तिची निब चिकटपट्टी लावून पुढे ओढली की निघते, कन्व्हर्टर मागून सुटतो, आणि एवढे भाग तर एका बशीतही राहतात.

खणांची घडण मात्र मला पटली नाही. त्यांच्या भिंती उभ्या आहेत आणि तळाशी काटकोन आहे. तीन-चार मिलिमीटरची रिंग त्या कोपऱ्यात जाऊन बसली की बोटाने निघत नाही. चिमट्याने उकरायला जावे तर रबराला बारीक चीर पडण्याची भीती, आणि चीर पडलेली रिंग हरवलेल्या रिंगपेक्षा वाईट, कारण ती जागेवर असूनही गळते. ओल्या बोटाचे टोक किंवा लाकडी दातकोरणे वापरले तर ती सहज उचलली जाते, पण तळ वाटीसारखा गोलाकार केला असता तर हे उपद्व्याप करावेच लागले नसते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. खण चटईतच असल्याने ते वेगळे उचलता येत नाहीत आणि चटई मऊ असल्याने तीही भरलेली उचलता येत नाही. तिसऱ्या की चौथ्या पेनाच्या वेळी मी सर्व भाग मांडलेली चटई दोन्ही हातांनी धरून टेबलावरून बेसिनकडे न्यायला निघालो. दोन पावले गेलो असेन, तेवढ्यात ती मधोमध झोळीसारखी लवली, सगळ्या खणांतले भाग मध्यभागी एकत्र आले आणि त्यांतला एक कपाटाखाली गेला. तो सापडला, पण त्यासाठी जमिनीवर आडवे पडून टॉर्च फरशीला टेकवून धरावा लागला. (ही युक्ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे: वरून प्रकाश टाकला तर बारीक वस्तू दिसत नाही, पण प्रकाश फरशीला समांतर टाकला की मोहरीएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते. तेवढ्यानेही भागले नाही, तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ पायमोजा रबरबँडने बांधून कोपरे ओढून घ्यावेत.) आता मी चटईखाली कडक तळाचा ट्रे ठेवतो. असा ट्रे चटईसोबतच द्यायला हवा होता.

स्प्रिंग असलेल्या पेनांपुढे चटईचा काठ तोकडा पडतो. १९५२ मध्ये बाजारात आलेले शेफरचे स्नॉर्केल हे याचे ठळक उदाहरण. शाई ओढण्यासाठी निबेखालून एक बारीक नळी बाहेर येते, अशी त्याची रचना असून दांड्याच्या आत रबरी पिशवी, तिच्यावरचे धातूचे आवरण, लांब स्प्रिंग आणि सील असा बराच पसारा असतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर पाच मिलिमीटरचा काठ तिला काय अडवणार? असे पेन मी मोठ्या पारदर्शक पिशवीत दोन्ही हात घालून, पिशवीच्या आतच उघडतो. जे उडेल ते पिशवीत राहते. तसेच, जमिनीकडे जाणारे भाग अडवायला सोनारकामाच्या मेजाची जुनी सोय चांगली आहे. त्या मेजाला कारागिराच्या मांडीवर येईल असे कातडे बांधलेले असते, म्हणजे सोन्याचा कीस खाली न जाता त्यात पडतो. मी एप्रन घालून त्याचे खालचे टोक चटईखाली दाबून ठेवतो. हात एप्रनमध्ये अडकतील असे वाटले होते, तसे झाले नाही.

सिलिकॉनचा एक दोष पेनांच्या बाबतीत विशेष खटकतो, तो म्हणजे त्याला धूळ आणि तंतू फार चिकटतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला त्याचे फारसे वाटणार नाही, पण निब आणि फीड यांच्यामध्ये एखादा कापसाचा तंतू अडकला तर पेन जाड आणि फाटकी रेघ काढू लागते, आणि आपण मात्र शाईला किंवा कागदाला दोष देत बसतो. चटई घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात माझ्या दोन पेनांना हा त्रास झाला. दुसऱ्यांदा निब उपसून भिंगाखाली पाहिली तेव्हा तिच्या चिरेत अडकलेला पांढरा तंतू दिसला, तसेच तंतू चटईवरही होते. त्यानंतर काम सुरू करण्यापूर्वी चटई नळाखाली धुऊन ओलसरच ठेवायची, हा नियम मी केला. ओल्या पृष्ठभागावर रिंगही किंचित चिकटून राहते, हा त्याचा वरचा फायदा.

डागांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. निळ्या-काळ्या शाया पाण्याने निघून गेल्या, गडद गुलाबी शाईने एक डाग कायमचा ठेवला आहे. हट्टी शाईसाठी बरेच जण वापरतात ते मिश्रण, म्हणजे एक भाग घरगुती अमोनिया, नऊ भाग पाणी आणि भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब, चटईला काही करत नाही. मात्र त्याने वारंवार पुसल्यावर काठावर छापलेली मोजपट्टी निम्मी उडाली. तिची मला हळहळ नाही. निब उपसण्यापूर्वी ती पकडीच्या कडेपासून किती बाहेर आहे हे मोजून ठेवले तर ती परत त्याच खोलीवर बसवता येते, आणि त्यासाठी मोजपट्टी हवीच. पण ताणल्यावर लांबणाऱ्या रबरावर छापलेली मोजपट्टी त्या कामाची नव्हे. चटई उष्णता सोसते म्हणून तिच्यावर पेन तापवण्याचा मोह होईल, तोही आवरावा. ती तापमान सोसेल, पेनाचे प्लॅस्टिक सोसेल असे नाही. धुण्यासाठी थंड किंवा जेमतेम कोमट पाणीच वापरावे, आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोन पेनाच्या आसपासही आणू नये.

आता मुख्य मुद्दा. माझी पहिली रिंग टेबलावरून पडून हरवली नव्हती, ती पाण्याबरोबर गेली होती. सहा महिन्यांत आणखी दोन वेळा भाग हरवता हरवता राहिले आणि एकदा खरोखरच हरवला. त्या तिन्ही वेळी चटई नीट पसरलेली होती आणि भाग तिच्यावर नव्हतेच. पहिला प्रसंग टोपणाचा: धुतलेल्या टोपणात आतले अस्तर वर चढून अडकले होते आणि ते पडले असे समजून मी अर्धा तास जमीन शोधत होतो. दुसरा कन्व्हर्टरचा. पायलटच्या कॉन-४० मध्ये शाई ढवळली जावी म्हणून धातूचे अगदी बारीक गोळे असतात आणि कन्व्हर्टर उघडला की ते बाहेर येतात. मी तो थेट नळाखाली उघडत होतो, वेळेवर भान आले म्हणून थांबलो. तिसरा प्रसंग पार्कर ५१ चा. १९४१ पासून विकल्या गेलेल्या या पेनाची निब झाकून टाकणारे आवरण फिरवून काढले की ते आणि दांडा यांच्यामध्ये बसलेले धातूचे पातळ कडे मोकळे होते. टोपण घट्ट बसते ते याच कड्यामुळे. मी ते पुसण्यासाठी टिश्यू कागदावर ठेवले, कागदाच्या ओल्या घडीला ते चिकटले आणि बाकीच्या शाईभरल्या कागदांबरोबर कचऱ्यात गेले. कळले तोवर कचरा घराबाहेर पडला होता.

म्हणून, ज्याला सुटे भाग हरवू द्यायचे नाहीत त्याने चटईच्या आधी चहाची बारीक जाळीची गाळणी पेन धुण्यासाठी बाजूला काढावी. भाग गाळणीत ठेवायचे, गाळणी पांढऱ्या वाटीत बुडवायची आणि पाणी बदलताना वाटी ओतायची नाही, गाळणी उचलायची. बेसिनच्या तोंडाला बूच लावल्याशिवाय नळाखाली काहीही धरायचे नाही. भाग उघडतानाच मोजायचे, आकडा कागदावर लिहायचा आणि पाणी किंवा टिश्यू टाकण्यापूर्वी पुन्हा मोजायचे. टिश्यूऐवजी तंतू न सोडणारे पांढरे फडके वापरले तर कडे त्यात गुरफटत नाही आणि फडके कचऱ्यात टाकले जात नाही. यांपैकी कोणतेही काम चटई करत नाही, आणि ते तिच्याकडून अपेक्षित आहे असेही नाही. पण विकताना 'आता एकही भाग हरवणार नाही' असे जे लिहिलेले असते, ते निदान पेनांच्या बाबतीत खरे नाही.

रात्रभर भिजत किंवा वाळत ठेवायच्या भागांसाठीही चटई गैरसोयीची आहे. तिला झाकण नाही, आणि घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर उघड्यावर मांडलेले पेन सकाळपर्यंत तसेच राहील याची हमी नाही. त्यासाठी मी आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी वापरतो. प्रत्येक खणाला स्वतंत्र झाकण असते, खण पारदर्शक असतात आणि वारांची नावे आयताच क्रम देतात. एक पेन रविवार ते बुधवार, दुसरे गुरुवार ते शनिवार, अशी विभागणी करता येते. ओली रिंग बंद डबीत राहिली तर बुरशीची शंका येते, म्हणून झाकणे किलकिली ठेवतो.

तर निर्णय असा. वर्षाकाठी एक-दोन पेने आणि तीही कन्व्हर्टरची धुणाऱ्याने या चटईच्या फंदात पडू नये. कडा असलेला पांढरा ट्रे, त्यात जुन्या पांढऱ्या रबरी चटईचा तुकडा आणि एक गाळणी एवढ्यावर त्याचे भागेल. जाड विणीचा टॉवेल अंथरण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो मात्र मला मान्य नाही. टॉवेलवर वस्तू उसळत नाही हे खरे, पण त्याच्या धाग्यांत रिंग गडप होते आणि तंतूंचा त्रास वेगळाच. पिस्टनची, लिव्हरची किंवा जुनी पेने नेहमी उघडणाऱ्याने चटई जरूर घ्यावी, फिकट रंगाची घ्यावी, काठ जितका उंच मिळेल तितका घ्यावा आणि चुंबकाकडे दुर्लक्ष करावे. पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण त्या झोळीसारख्या लवण्यापायी कापला, अर्धा खणांच्या कोपऱ्यांपायी आणि अर्धा जाहिरातीतल्या त्या वाक्यापायी. तंतूंचे गुण कापलेले नाहीत, कारण तो सिलिकॉनचा स्वभावच आहे आणि चटई ओली केली की तो आवरतो. पार्करचे कडे अजून मिळालेले नाही. मिळाले की ते बसवण्याचे कामही याच चटईवर करीन, टिश्यूचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून.